बाटलीवरचा कागद

— नाही ग वेदिका, नारळ-ओटीचा नवस नव्हता तो. तसले नवस सोपे, फेडले की मोकळं. मी देवापुढं बसून बोलले होते, की अठ्ठेचाळीस दिवस मडीत राहीन — मडी म्हणजे तुमच्या पुण्याकडचं सोवळं ग, इथं आम्ही मडीच म्हणतो, साडेतीनशे वर्षं झाली आमच्या घराण्याला या कानडी मुलखात, शब्द राहतात होय जागच्या जागी? — तर मडीत राहीन, एकवेळ जेवीन, आणि या अठ्ठेचाळीस दिवसांत या घरात एकही जीव जाऊ देणार नाही. मुंगी नाही, झुरळ नाही. आमच्या सुनेला, अनुषाला, लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस राहिले होते. चौथा लागला होता. घरात एक जीव येतोय, तर एकही जाता कामा नये — असं मला आपलं वाटलं. कुणी सांगितलं नव्हतं. भटजी तर हसले. म्हणाले, वसुमतीबाई, हे तुमच्या हातात आहे होय? मी म्हटलं, माझ्या घरापुरतं तरी आहे. — तू बस की. तिथं नको, टाकीजवळ नको. इकडं खिडकीपाशी खुर्ची ओढ, वारा आहे. पाचवा ना तुला? मग तिथंच बस. आणि मला आंटी म्हणू नकोस, वरच्या मजल्यावर राहायला येऊन सहा महिने झाले तुला. अक्का म्हण. कॉफी घे, स्वल्प साखर जास्त पडलीय, चालेल तुला.

माशांचं विचारायला आलीस आणि मी नवस सांगत बसले. पण ते एकमेकांत अडकलेलं आहे, मी काय करू. बरं, सांग — तुझ्या माशांवर रवा सांडल्यासारखे ठिपके आहेत ना? पंख मिटून एका कोपऱ्यात थांबतात? दगडाला अंग घासतात? तेच ते. आमच्याकडं दोनदा आलं, आता हे दुसऱ्यांदा — तो बघ टब, भिंतीशी, झाकलेला. कागद उचलू नकोस. त्यात चौघं आहेत, औषधात आहेत, उजेड चालत नाही त्या औषधाला. बाकीचे पाच टाकीत. तो मोठा, तोंड सारखं उघडं ठेवणारा, त्याला आमचे हे भगवंतराव म्हणतात — माझ्या भावाचं नाव ग! चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून माझ्या माहेरची थट्टा संपत नाही यांची. झोपलेत आत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारचं झोपतात.

तर ऐक नीट, एकदाच सांगते. तो ठिपका म्हणजे किडा नव्हे, किड्याचं घर. किडा आत, माशाच्या कातड्याखाली बसलेला असतो. तिथं त्याला औषध लागत नाही. कितीही घाल, लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, तिथं त्याची शेकड्यांनी पिल्लं होतात, ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात फिरतात, आणि तेवढ्याच वेळात औषध त्यांना गाठतं. म्हणून ठिपके गेले, मासा बरा दिसला, की लोक औषध थांबवतात आणि फसतात. दिसत नाही म्हणजे गेलं असं नसतं. दिसेनासं झाल्यावरही घालत राहावं लागतं. — हो, ती पिल्लंही जीवच. तेही आलं होतं माझ्या मनात तेव्हा, काय सांगू. नवसात त्यांना धरायचं की नाही? शेवटी मी म्हटलं, जे डोळ्यांना दिसतं तेवढंच देव मोजत असेल.

आता प्रमाण. डोळ्यानं अंदाज करायचा नाही. टाकीची लांबी, रुंदी, पाण्याची उंची — काचेची नव्हे, पाण्याची — पट्टीनं मोज, गुणाकार कर, आणि दगड-वाळूचं वजा कर. तुझा नवरा इंजिनिअर आहे ना, सुहासला कर म्हणावं. बाटलीवर जेवढं लिहिलंय तेवढंच. तळाचा मिशीवाला मासा असेल तर त्याला निम्मं, त्याला खवले नसतात, त्याला सोसत नाही. गाळणीत कोळसा असेल तर काढून ठेव, नाहीतर कोळसा औषध पिऊन बसतो आणि तू म्हणतेस औषध खोटं. हवेचा पंप जोरात ठेव, औषधात माशांना धाप लागते. दोन औषधं एकत्र करायची नाहीत. दुकानदार म्हणतो, हे पण घाला मॅडम, स्वल्प ते पण घाला — नाही म्हणायचं. बादली वेगळी, जाळी वेगळी, चमचा वेगळा, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं तिकडं जायचं नाही, गेलं तर परत यायचं नाही. खिडक्या उघड्या. आणि हातमोजे. कोपरापर्यंतचे. हे बघ माझे, दारामागं टांगलेत. रोज धुते, रोज वाळवते. — आणि हे सगळं सुहासनं करायचं. तू नाही. तू खोलीतसुद्धा थांबायचं नाहीस. गच्चीवर जाऊन बस, कपडे वाळत घाल, आईला फोन कर, काहीही कर. सुहासला वेळ नसेल तर मला हाक मार, मी येते वर. माझे गुडघे दुखतात पण मी येते.

— कप ठेव खाली. हात दाखव. उजवा. — हे बोटांना काय? मेहंदी नव्हे ही. मेहंदी अशी नसते, नखाच्या कडेला अशी हिरवी शिरत नाही. — काल? तू काल घातलंस? कुठून आणलंस — कोपऱ्यावरच्या दुकानातून, बरं. आणि बोटानं ढवळलंस. — अय्यो. नाही, नाही, रडू नकोस, घाबरू नकोस, मी रागावले नाही. ऊठ, तिथं नळ आहे, साबण आहे, धू. अजून धू. डाग नाही जायचा, डाग आठवडाभर राहतो, ते असू दे. एकदाच ना? एकदाच बोट घातलंस ना? मग काही नाही बाळ. एकदानं काय होतंय. अठरा दिवस, रोज, कोपरापर्यंत, तेव्हा कुठं —

काही नाही. ये, बस. कॉफी गार झाली, दुसरी करते. — नको? सरी, राहू दे.

काय अठरा दिवस? काही नाही म्हटलं ना. — बरं. ऐक. तू विचारशीलच, आणि तुझं पोट असं समोर असताना मला खोटं सुचत नाही. नवसाच्या आठव्या दिवशी माशांवर ते ठिपके आले. नऊच्या नऊ माशांवर. आणि मी तर देवाला बोलून बसलेली, एकही जीव जाणार नाही. रोज दुपारी देवाला नैवेद्य दाखवला की त्यातली चार शितं मी त्यांना घालायची, इतके ते माझ्या नवसातले झाले होते. एक जरी उलटा होऊन वर आला असता ना, माझं काळीज बंद पडलं असतं, कारण मी त्याचा अर्थ काय लावला असता ते मलाच ठाऊक. यांनी औषधाची बाटली आणून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर डोळ्यात पाण्याचा थेंब उडता कामा नये. हर्ष, आमचा मुलगा, सकाळी सातला कामावर जायचा तो रात्री नऊला. आणि मी मडीत. ओल्या साडीनं स्वयंपाक, कुणाला शिवायचं नाही, तर त्या रंगाच्या, दुकानातून आलेल्या बाटलीला मी कशी शिवणार? मडी मोडली असती. मडी मोडली की नवस मोडला. राहिलं कोण?

तीच. तिला आवडायचे मासे. आनंदानं करायची. एक दिवसाआड औषध, मधल्या दिवशी पाणी बदलायचं, काचा पुसायच्या, म्हणजे हात रोजच पाण्यात. मी लांबून, देवघराच्या उंबऱ्यापाशी उभी राहून सांगायची — अनुषा, तो कोपरा राहिला बघ. अनुषा, आज चुकवू नकोस हं. तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत हिरवे झाले. समोरच्या महानंदाबाई आल्या होत्या एकदा, त्या म्हणाल्या, काय वसुमती, डोहाळजेवणाच्या आधीच सुनेला हिरवा चुडा भरलास? आम्ही हसलो. तिघीही हसलो. मला तर तो शुभशकुन वाटला ग. हिरवे हात.

— हो, वास यायचा. तिला मळमळायचं त्या वासानं. मी म्हटलं, या दिवसांत मळमळतंच. एकदा तिनं विचारलं, अत्ते, मी हातमोजे आणू का दुकानातून? — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, यांनाही नाही — मी म्हटलं, रबराचे का? तसलं काही घालून नैवेद्याच्या जिवांना शिवायचं नाही. अठ्ठेचाळीस दिवस तरी नाही. सरी अत्ते, म्हणाली. एवढंच. सरी अत्ते. उलट बोलायची सवयच नाही तिला, तीच तर तिची खोड.

मासे वाचले. नऊच्या नऊ. ठिपका उरला नाही एकावरही, असे चमकायला लागले की हे डोळ्यावरची पट्टी सरकवून बघायचे. आणि नवसाच्या सव्विसाव्या दिवशी, सकाळी दहाला, अनुषानं न्हाणीघरातून मला हाक मारली. मी मडीत होते. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आत नाही गेले लगेच. किती वेळ? मला नको विचारूस. गेले शेवटी. गेले की. — डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, पाचव्यातसुद्धा होतं, कारण सापडत नाही, कुणाला दोष देऊ नका. त्यांनी दोष कुणालाच दिला नाही. पण त्यांना हिरव्या हातांचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, हा रंग कसला, आणि मीच म्हटलं, कपड्याचा रंग आहे, ओली साडी पिळली तिनं.

मग घरात अशौच आलं. मडी आपोआप सुटली. आता कशालाही शिवता येत होतं मला — तेव्हा मी ती बाटली पहिल्यांदा हातात घेतली. आवरायची म्हणून घेतली होती. चष्मा लावून वाचली. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला कन्नड, मुंगीएवढी अक्षरं. हातमोजे वापरा. श्वासात घेऊ नका. आणि खाली, अगदी खाली, गरोदर स्त्रियांनी हाताळू नये. — एवढंच. एक ओळ. उंबऱ्यावरून दिसली नसती, पण कुणी वाचून दाखवा म्हटलं असतं तर दाखवलीच असती की कुणीतरी. हर्षला दोन मिनिटं लागली नसती. मी म्हटलं नाही. अठरा दिवस रोज त्या बाटलीबद्दल बोलत होते आणि त्यावर काय लिहिलंय ते विचारलं नाही.

तेच कारण होतं, असं मी म्हणत नाही हं. कोण सांगणार? डॉक्टर सांगू शकल्या नाहीत, मी कोण. नसेलही ते कारण. रोज दिवा लावताना मी म्हणते, नसेल. — कागद? बाटलीवरचा? तो पाण्यानं निघाला. — नाही. कोमट पाण्यात भिजवून मीच काढला. चुलीत नाही टाकला, चूल आहे कुठं आता. मोरीत बारीक तुकडे करून सोडला. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. हर्ष दवाखान्यातून येणार होता, त्याला भूक लागलेली असणार, ताट वाढायचं होतं — आणि ती बाटली तिथं तशी उभी होती.

अनुषाला काय वाटतं? तिला वाटतं, स्कूटर. आदल्या दिवशी मार्केटहून येताना खड्ड्यात गाडी आदळली होती तिची. दवाखान्यात ती तेच म्हणत होती, अत्ते, मीच गेले, तुम्ही नको म्हणत होता तरी गेले. माझे दोन्ही हात धरून म्हणत होती. मी डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, असू दे बाळ, झालं ते झालं. — आता तूच सांग, तेव्हा मी काय बोलायला हवं होतं? स्कूटर विकली तिनं. अजून बसत नाही कुणाच्या मागं. आनेकलला राहायला गेले ते दोघं, हर्षच्या कारखान्याजवळ, तिथून ती बसनं येते, दीड-दीड तास, उभ्यानं. मला बघवत नाही. म्हणून मी तिच्याशी इतकी चांगली वागते की महानंदाबाई म्हणतात, अशी सासू मिळायला पुण्य लागतं.

आणि आता ऐक, गोड बातमी आहे. तिला पुन्हा राहिलेत. तिसरा चालू आहे. मी यावेळी नवस नाही बोलले. नुसती देवापुढं बसते, काही मागत नाही, बसते आपली. यावेळी सगळं नीट होणार, मला आतून वाटतंय. तुझं आणि तिचं, दोघींचं. बाळं एका वयाची होतील, इथंच अंगणात खेळतील. — हो, ऐकतेय मी. तू काय विचारतेस ते कळतंय मला. तिच्याकडं मासे आहेत का? आहेत. जाताना हर्ष इथलेच चार घेऊन गेला होता. नंतर मी इथं नवे आणले, नऊ भरले. आणि तिकडच्या माशांवरही ठिपके आलेत. सकाळी फोन आला तिचा. म्हणाली, अत्ते, ती आपली जुनी बाटली आहे ना, मी आज येऊन घेऊन जाते. हर्षला जमत नाही ते, मला सगळं ठाऊक आहे, मीच तर करत होते. — मीच तर करत होते, म्हणाली. हसत होती.

तू म्हणतेस सांगून टाका. तू लहान आहेस. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? नुसतं हातमोजे घाल म्हटलं तर ती विचारेल, तेव्हा का नाही म्हणालात? गरोदरपणी शिवू नकोस म्हटलं तर विचारेल, कधीपासून ठाऊक आहे? ती उलट बोलत नाही, पण विचारेल. आणि मग ती माझ्याकडं बघेल. दोन वर्षं तिनं स्वतःला दोष दिला आणि मी डाळिंब सोलून देत शेजारी बसले होते, हे ती तीन महिन्यांच्या पोटानं ऐकणार? तिसरा फार नाजूक असतो ग. धक्का बसला आणि काही झालं, तर? बाळ होऊ दे. बारसं होऊ दे. मग सांगेन. नक्की सांगेन. आज नाही. आज मी तिला मीठ देणार आहे, जाड मीठ, बांधून ठेवलंय बघ पिशवीत. पाणी कोमट ठेवायचं आणि मीठ घालायचं, पुष्कळदा तेवढ्यानंही जातात ठिपके. बाटली मी वर माळ्यावर ठेवलीय. टबात घालायला लागतं तेवढं वेगळं काढून घेतलंय.

— दुकानात मिळते. हो. — काल तुला मिळालीच की.

— हो ग. आनेकलमध्येही असतील दुकानं. असतीलच.

फाटक वाजलं. तीच असणार, कडी अशी हळू तीच काढते. ऊठ वेदिका, तू आता वर जा, मागच्या जिन्यानं नको, पुढूनच जा, नाहीतर तिला वाटेल काहीतरी आहे. भेटेल ती तुला ओट्यावर. बोलेल, तिला बोलायला आवडतं, माशांचं निघेलच. मी तिला सांगणार आहे, ते औषध आता येत नाही, कंपनीनं बंद केलं, कुठल्याच दुकानात मिळत नाही. तिनं तुला विचारलं तर तूही तेच सांग. बंद झालं म्हण. — माझ्याकडं असं बघू नकोस. जा. आणि सांगताना हस स्वल्प.